भाऊसाहेबांचं पाणी

“डोळ्यांना काय कळतंय, पोरी? जंतू काय तुला हात हलवून सांगणारेत, आम्ही इथं बसलोय म्हणून? उकळ! परत उकळ!”

मेट्रनबाईंचा हा आवाज सिस्टरच्या कानात शिरला तेव्हा ती नुकती नर्सिंग शिकायला आलेली, काडीसारखी पोर होती. पुढे मेट्रनबाई गेल्या, ऑपरेशन थिएटरच्या भिंतींवर नव्या फरश्या चढल्या, सिस्टर स्वतः रिटायर होऊन घरी बसली. आवाज मात्र रिटायर झाला नाही. चहाची गाळणी हातात आली की तो यायचा. पायपुसणं दिसलं की यायचा. पाहुणे सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसायचे, आणि मास्तर त्यांना सांगायचे, “आमच्याकडे धुळीलासुद्धा दार वाजवून यावं लागतं.”

मास्तर म्हणजे तिचा नवरा. शाळेतले मास्तर नव्हेत, शिवणातले. ती त्यांना मास्तर म्हणायची आणि ते तिला सिस्टर. लग्न ठरताना दोघांची ओळख कामावरूनच झाली, आणि ती ओळखच नाव होऊन बसली. दुकान आता दुसऱ्याचं झालं होतं, पण मशीन घरी होतं, खिडकीपाशी, आणि गल्लीतली माणसं अजून कपडे घेऊन यायची. मास्तरांची एक ख्याती होती. त्यांनी माप कधी लिहून ठेवलं नाही. टेप अंगावरून एकदा फिरली की छाती, कंबर, बाही, उंची सगळं डोक्यात जाऊन बसायचं. गिऱ्हाईक कितीतरी वर्षांनी उगवलं तरी त्याला दारातच बघून म्हणायचे, “या, या! पोट पुढं गेलंय तुमचं, पण डावा खांदा आहे तिथंच आहे.”

अशा घरात सून आली ती माशांची टाकी घेऊन.

सून दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायची. तिथल्या बाहेरच्या खोलीत एक मोठी टाकी होती. दात काढायला आलेली, जीव मुठीत धरलेली माणसं त्या टाकीकडे बघत बसायची. टाकीची निगा सुनेकडे, आणि निगा राखता राखता तिला माशांचा नादच लागला. घरची टाकी त्यामानानं लहान, टेबलावर मावेल एवढी. तळाला खडे, दोन हिरव्या वेली, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंजाचा फिल्टर. आत एक सोनेरी, गलेलठ्ठ, सदा तोंड वासून फिरणारा मासा. त्याला मास्तरांनी पहिल्याच दिवशी ‘भाऊसाहेब’ करून टाकलं. त्याच्या मागं मागं हिंडणारे बाकीचे, ते ‘मंडळी’. आणि एक इवलीशी काळी, कायम वेलीआड लपलेली, ती ‘काजळ’.

मास्तरांना शिवता शिवता यमकं जुळवायची खोड. मशीनच्या पायडलवर पाय, टाकीवर डोळा.

“भाऊसाहेब आले वर,
तोंड त्यांचं वाटीभर;
चिमूट टाकू की मूठभर?
सूनबाई म्हणते, चिमूटभर!”

सिस्टरला टाकीचा राग नव्हता. मासे बघायला तिलाही आवडायचे. राग होता त्या स्पंजाचा. तपकिरी, बुळबुळीत, केसाळ झालेला तो बोळा दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर डुलत राहायचा, आणि तिच्या बोटांना मुंग्या यायच्या.

“आई, तो तसा आहे म्हणूनच पाणी स्वच्छ आहे,” सून हसून सांगायची. “त्यात बारीक जिवाणू राहतात. माशांची घाण तेच खाऊन टाकतात. त्याला नळाखाली धरायचं नाही. गरम पाणी तर अजिबात नाही.”

“म्हणजे जंतू पाळायचे घरात. छान.”

“चांगले जंतू असतात ते.”

“चांगला जंतू मी तरी जन्मात बघितला नाही.”

“मला बघ की,” मास्तर मशीनवरून म्हणायचे.

मग दवाखान्यात नवीन मशीन आलं, आणि ते शिकायला सुनेला आठवड्याभरासाठी बाहेरगावी जायचं ठरलं. मुलानंही रजा टाकली. तेवढंच दोघांचं फिरणं. निघताना सुनेनं खाण्याची डबी मास्तरांच्या हातात दिली. “बाबा, सकाळी एक चिमूट, बास. भाऊसाहेबांनी डोळे वटारले तरी दुसरी नाही.” आणि सिस्टरकडे वळून म्हणाली, “आई, तुम्ही फक्त बघायचं. टाकीला हात लावू नका हां.”

हसत म्हणाली ती, लाडात म्हणाली. पण ते ‘हात लावू नका’ सिस्टरला कुसळासारखं रुतलं. ज्या हातांनी मांडलेल्या सुऱ्या-कात्र्यांवर मोठमोठे सर्जन डोळे मिटून विसंबायचे, त्या हातांना असं सांगायचं?

एका सकाळी मास्तर दोऱ्याची रिळं आणायला बाहेर पडले. दार लागलं. घरात सिस्टर, टाकी, आणि कानात मेट्रनबाई.

आधी नुसती काच पुसायची होती. काच पुसताना दिसलं नळीवरचं शेवाळ. नळी पुसायला हात आत घातला तर बोटांना लागला तो स्पंज, आणि लागला म्हणून तिनं तो उचलला. बाहेर काढल्यावर तो परत तसाच आत ठेवणं तिच्यानं होणार नव्हतं. पातेल्यात पाणी खळखळलं, स्पंज आत पडला, त्यातून काळपट ढग फुटून बाहेर आला, आणि सिस्टरच्या जिवाला इतकं बरं वाटलं की विचारू नका. तिनं तो पिळला, परत उकळला. खडे चाळणीत घेऊन कढत पाण्यानं धुतले. भाऊसाहेब आणि मंडळी तोवर बादलीत गोल गोल फिरत होती. नळाचं ताजं पाणी भरलं, सगळ्यांना परत आत सोडलं. स्पंज नव्यासारखा फिकट पिवळा दिसत होता, आणि टाकीच्या आरपार पलीकडच्या कॅलेंडरावरचे आकडे वाचता येत होते.

“अरे वा!” मास्तर आल्या आल्या म्हणाले. “भाऊसाहेबांचा मोतीबिंदू काढलास की काय?”

“काच पुसली जरा,” सिस्टर म्हणाली.

खोटं नव्हतं ते. खऱ्याचं एक टोक तिनं बाहेर दाखवलं होतं, बाकीचं मुठीत.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर जरा धुरकट साय आल्यासारखी वाटली. सिस्टरनं मनाशी म्हटलं, खिडकीतलं ऊन आहे. त्याच्या पुढच्या सकाळी मात्र उन्हाकडे बोट दाखवायची सोय राहिली नाही. तांदूळ धुतलेलं पाणी कुणीतरी टाकीत ओतावं, तशी टाकी दुधाळ झाली होती. वेली धूसर, खडे दिसेनासे. भाऊसाहेब पाण्याच्या अगदी वर येऊन तोंड उघडझाप करत होते, आणि मंडळीही त्यांच्या बाजूला तशीच, रांगेत उभी राहिल्यासारखी.

सिस्टरनं तेच केलं जे तिला येत होतं. अर्धं पाणी काढलं आणि उकळून गार केलेलं पाणी घातलं. मास्तरांनी बादल्या धरल्या. संध्याकाळपर्यंत पाणी आणखी पांढरं. परत काढलं, परत घातलं. जितकं ती धूत होती तितकं ते दुधाळत होतं. असं कधी तिच्या आयुष्यात झालं नव्हतं. डाग तिला भ्यायचे, वास तिला भ्यायचे. आणि हे एवढंसं पाणी तिच्या तोंडावर पांढरं फटक होऊन बसलं होतं.

कारण तिला कळलं नव्हतं असं नाही. दुसरी बादली ओततानाच सुनेचं स्पंजाबद्दलचं बोलणं आठवलं होतं. तिनं ते ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं.

फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाच्या वेळी, चेहरा दिसणारा. सिस्टरनं फोन टाकीसमोर धरला. पलीकडे सुनेनं “अगंबाई!” केलं.

“आई, स्पंज कुणी धुतला का?”

‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं. एक अक्षर. पण त्याच्या मागोमाग काय काय येईल ते सिस्टरला दिसलं. सून काही बोलणार नाही, समजून घेईल. आणि पुढे कधी चमचा बुळबुळीत आहे म्हणून तिनं बाजूला काढला, तर सून आणि मुलगा एकमेकांकडे बघून हसतील. नुसते हसतील. तेवढंही तिला सोसवेना.

“छे गं. तू सांगून गेलीस ना, हात लावू नका म्हणून.”

“मग खाणंच जास्त पडलंय. उरलेलं खाणं तळाला सडलं की पाणी असं होतं. बाबा, चुकून दोनदा टाकलंत का?”

“नाही बुवा,” मास्तर म्हणाले. “एकदाच. चिमूट.”

मुलगा सुनेच्या खांद्यावरून डोकावला. “नक्की ना, बाबा? त्या दिवशी आम्ही निघताना चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्माच शोधत होतात!”

सगळे हसले. मास्तरही हसले. मग त्यांचं हसू हळूच मावळलं. सिस्टरला माहीत होतं ते कुठं गेलं. मास्तरांचे थोरले भाऊ असेच चष्म्यापासून सुरू झाले होते. चष्मा, मग गल्ली, मग मुलांची नावं. शेवटी शेवटी वहिनी समोर जेवण घेऊन आली की ते हात जोडून विचारायचे, “बाई, आपण कोण?” त्या घरून परत येताना मास्तर वाटभर गिऱ्हाइकांची मापं मनाशी म्हणत आले होते.

“टाकलंही असेल,” ते आता म्हणाले. “सकाळी टाकलं. मग चहा झाला. चहानंतर परत टाकीपाशी उभा होतो खरा... टाकलंच असेल. नाहीतर पाणी कशाला असं होईल?”

“जाऊ दे हो बाबा, होतं असं,” सून म्हणाली, आणि तिनं काय करायचं ते सांगितलं. खाणं बंद. रोज फक्त थोडंसं पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं. बुडबुडे चालू ठेवायचे. बाकी काहीही धुवायचं नाही.

सिस्टरच्या हातातला फोन जरासुद्धा हलला नव्हता. ऑपरेशनच्या टेबलापाशी हात स्थिर असायचा, तसाच. त्या स्थिर हाताची तिला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

काजळ गेली. सकाळी मास्तरांनी टाकीवरचं झाकण उचललं तर ती वेलीला टेकून आडवी तरंगत होती, बटणाएवढी. मास्तरांनी तिला चहाच्या चमच्यात घेतलं, गॅलरीतल्या कुंडीत बोटानं खड्डा केला, आणि तिला मातीआड करून कितीतरी वेळ उकिडवे बसून राहिले.

“मारली बघ मी तिला,” ते म्हणाले. “खायला घालून मारली.”

“असं काय बोलता? मासाच तो.”

“मासा असला म्हणून काय? आणि मी टाकलेलं मला आठवतच नाही, सिस्टर. आठवायचा प्रयत्न करतोय तर रोजची सकाळ एकच वाटतेय.”

आता सांगायचं, सिस्टरनं ठरवलं. आता उठतील, हात धुतील, तेवढ्यात सांगायचं. मास्तर उठले, त्यांनी हात धुतले, टॉवेलाला पुसले. ती साबणाची वडी डबीत नीट ठेवत राहिली.

त्यानंतर घरात कागदाचे चिटोरे दिसू लागले. दारावर ‘किल्ली’, गॅसपाशी ‘बंद केला?’, आणि टाकीवर ‘आज खाणं नाही’. ज्या माणसानं जन्मात माप लिहिलं नाही तो माणूस शिवणाच्या खडूच्या जोडीला कानावर पेन्सिल ठेवू लागला. मशीन चालायचं, पण मध्येच थांबायचं. मास्तर टाका बघायचे, परत बघायचे. यमकं बंद झाली. पायडलचा आवाज तेवढा यायचा, गाणं काढून घेतलेला.

आणि सिस्टर, जी चहात साखर मागितली तर डोळे मोठे करायची, ती न मागता साखर घालू लागली. बाहेरून येऊन ते पायमोजे खुर्चीवर टाकायचे, तर ती काही न बोलता उचलायची. पांघरुणाच्या घड्या वाकड्या घातल्या तरी गप्प. तिला वाटायचं, एवढं तरी करावं. मास्तर एक दिवस कप हातात धरून तिच्याकडे टक लावून बघत राहिले.

“सिस्टर, एक विचारू? खरं सांग.”

तिला वाटलं, कळलं यांना.

“तू इतकी गोड वागायला लागलीस, म्हणजे माझं बरंच पुढं गेलंय का? पेशंटचं काही खरं नसलं की तुम्ही नर्सबाया अशाच गोड होता. मी बघितलंय.”

“काहीतरीच तुमचं!” ती खेकसली, आणि तिच्या खेकसण्यानं त्यांना जरा धीर आल्यासारखा वाटला. ती स्वयंपाकघरात आली आणि नळ सोडून उगाच हात धूत उभी राहिली.

सून आली ती बॅग खाली ठेवायच्या आधी टाकीपाशी गेली. तिच्या हातात एक डबा होता. घरी येता येता ती दवाखान्यात उतरून आली होती. डब्यातून तिनं काढला तिथल्या मोठ्या टाकीतला एक स्पंज. काळा, लिबलिबीत, सिस्टरनं आजवर बघितलेल्या सगळ्या स्पंजांचा आजोबा.

“आई, तोंड फिरवा हवं तर,” सून म्हणाली, आणि तिनं तो थेट टाकीत पिळला.

तपकिरी गाळाचा लोट दुधाळ पाण्यात उतरला. सिस्टरच्या अंगावर काटा आला. घाणीत घाण! पण तिनं तोंड फिरवलं नाही. सुनेनं तो स्पंज आधीच्या स्पंजाशेजारी चाचपून अडकवला; दुधाळ पाण्यात त्याचा फिकटपणा तिला दिसला नाही, आणि गाळानं तोही तपकिरी होत गेला. पाणी ओघळणारे हात तसेच धरून ती म्हणाली, “आता ह्यातले जिवाणू कामाला लागतील. आपण फक्त थांबायचं.”

आणि खरंच तसं झालं. सिस्टरनं उकळून, गाळून, उपसून जे झालं नव्हतं ते त्या काळ्या बोळ्यानं गुपचूप केलं. आधी खडे दिसले, मग वेली, मग भाऊसाहेब खाली उतरून पुन्हा तोंड वासत फिरू लागले. पाणी असं निवळलं की एकेक बुडबुडा मोजून घ्यावा. सिस्टर टाकीपाशी उभी राहून बघायची आणि मनाशी म्हणायची, झालं, मिटलं. पाण्याचं पाण्यात गेलं. आता कशाला बोलायचं?

पण मास्तर निवळले नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई आल्या तेव्हा ते उघड झालं. वकीलबाईंचे वडील गेले होते आणि त्यांचा एक लोकरी कोट मागं राहिला होता. तो बाईंना स्वतःच्या मापाचा करून हवा होता. वडिलांची तेवढी ऊब अंगावर राहील म्हणून. मास्तरांनी तो महिन्यापूर्वी हौसेनं घेतला होता, बाईंच्या अंगावरून टेप फिरवली होती, उसवायला काढून ठेवला होता. आज बाई बघायला आल्या, तर मास्तरांनी कपाटातून कोट काढला, नीट घडी घालून, कागदात गुंडाळलेला. त्याला कात्री लागलीच नव्हती.

“मास्तर, हे काय? परत देताय?”

“दुसरीकडे द्या, बाई. तुमच्या बाबांचा कोट आहे. एकदा चुकीचा कापला की तो परत मिळणार नाही.”

“तुम्ही आणि चुकीचं कापणार? आमच्या आईचं माप अजून पाठ आहे तुम्हाला!”

“होतं,” मास्तर म्हणाले. “आता माझा भरवसा नाही. परवा माशांना दोनदा खाणं टाकून एक मारला, आणि मला पत्ता नाही. सिस्टरला विचारा. पाणी नासलं होतं सगळं. हो ना, सिस्टर?”

वकीलबाई सिस्टरकडे बघत होत्या. मास्तरही बघत होते, अगदी साधेपणानं. सिस्टरनं कोटाच्या पुडक्याची दोरी हातात घेतली आणि गाठ घट्ट केली.

“पाणी नासलं होतं खरं,” ती म्हणाली.

पुन्हा तेच. खऱ्याचं एक टोक.

बाई कोट पोटाशी धरून जिना चढून गेल्या. संध्याकाळी हे मुलाच्या कानावर गेलं, आणि त्यानं दुसऱ्याच दिवशी फोन करून वेळ घेतली. मेंदूच्या डॉक्टरांची. “आई, लवकर कळलेलं बरं असतं. काकांच्या वेळी आपण उशीर केला.” मास्तरांनी हो म्हटलं, नाही म्हटलं नाही. जायच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बटणं लावताना प्रत्येक बटणावर बोट टेकवून पुढं गेले, एखादं राहून जाईल अशा भीतीनं. आयुष्यभर दुसऱ्यांना बटणं लावून दिलेला माणूस.

दवाखान्यात फिनेलचा वास होता, खुर्च्यांचे पाय फरशीवर एका रेषेत होते, आणि कुठंतरी दूर ट्रॉलीची चाकं करकरत होती. हे सिस्टरचं माहेर. इथल्या रिवाजात ती लहानाची मोठी झाली होती. डॉक्टरांनी विचारलं तर बघितलं तेवढंच सांगायचं. नाही बघितलं ते नाही सांगायचं. पेशंटबद्दल खोटं सांगणाऱ्या एका नर्सला मेट्रनबाईंनी भर वॉर्डात टोपी उतरवायला लावली होती. सिस्टर त्या दिवशी बाजूलाच उभी होती, आणि तिला वाटलं होतं, अशी बाई असते तरी कशी?

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. मुलगा बाहेर थांबला. मास्तर आणि सिस्टर शेजारी शेजारी बसले.

“बाबा, आज वार कोणता?”

मास्तरांना वार माहीत होता. सकाळीच त्यांनी तो दोनदा म्हटला होता. पण उत्तर द्यायच्या आधी त्यांनी मान वळवून सिस्टरकडे बघितलं. पहिल्यांदा शाळेत सोडलेलं पोर दाराकडे बघतं, तसं. तिनं मान हलवल्यावरच ते बोलले. पुढच्या प्रश्नालाही तसंच. आणि त्याच्या पुढच्याही. आपल्या डोक्यातलं काही आता आपलं राहिलं नाही, असं धरूनच ते आले होते. खिशातला चिटोरा बोटांनी चुरगळत होते.

“बरं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची सिस्टरकडे वळवली. “आई, तुम्ही नर्स होता ना? मग मला तुमच्याकडूनच नीट कळेल. हे विसरतात असं पहिल्यांदा कधी लक्षात आलं? माशांचं काहीतरी मुलगा सांगत होता.”

“तिला सगळं माहितीये,” मास्तर म्हणाले. “ती खोटं नाही सांगायची. तूच सांग गं, सिस्टर. मला नीट आठवत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. सिस्टरनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. घासून घासून पांढुरके झालेले, नखं मुळाशी कापलेली, इतके स्वच्छ हात, आणि ते कुठं लपवावेत ते तिला कळेना. मांडीवर ठेवले, उचलले, परत ठेवले. खोलीत एवढा उजेड कशाला ठेवतात, असं तिला वाटलं.

“लिहू नका, डॉक्टर,” ती म्हणाली.

पेन थांबलं. सिस्टर डॉक्टरीणबाईंकडे नाही, मास्तरांकडे वळली. त्यांच्या शर्टाच्या कॉलरकडे बघत ती बोलायला लागली, आणि मग तिनं नजर वर उचलली.

“मास्तर, तुम्ही खाणं एकदाच टाकलं होतं. रोज. चिमूट टाकून डबीचं झाकण लावून परत जागेवर ठेवायचात, मी ओट्यापासून बघायची. स्पंज मी उकळला. तुम्ही दोरे आणायला गेला होतात तेव्हा. खडेही मीच कढत पाण्यानं धुतले. पाणी माझ्या हातानं गेलं, काजळही. सुनेनं मला सरळ विचारलं, तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात, आणि मी नाही म्हटलं. तुम्ही काही विसरला नाहीत हो. मी सांगितलं नाही.”